हितं दर्या व्हता

व्हिएन्नाहून निघाल्यावर आट्टनांग-पुखहाइम नावाच्या जंक्शनवर गाडी बदलावी लागते. तिथून पुढे लोहमार्ग एकेरी होतो, डबे कमी होतात आणि डोंगर हळूहळू खिडकीजवळ सरकू लागतात. ट्राउनझे तळ्याचा काठ धरून गाडी एबनझेला आली, तेव्हा मी आईला म्हटलं, "इथे मिठाचा मोठा कारखाना आहे. आपण जातोय त्या हालश्टाट गावातून खारं पाणी नळाने इथपर्यंत येतं आणि इथे आटवतात."

आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "डोंगरातून खारं पाणी?"

माझी आई उरणच्या खाडीकाठची. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत, दर वर्षी पौष-माघ ते पाऊस लागेपर्यंत, तिने मिठागरात पाट्या वाहिल्या. भरतीचं पाणी बांधातल्या उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हाला तापवायचं, मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने काठाशी ओढायचं आणि पाटीत भरून ढिगापर्यंत न्यायचं. बायकांचं आणि पोरींचं काम हे शेवटचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतून ठिबकणारं खारवणी मानेवरून पाठीत. पायांच्या भेगांत मीठ गेलं की काय होतं, ते तिने मला कधी वर्णन करून सांगितलं नाही. मात्र आमच्या घरात रात्री पायांना खोबरेल तेल लावल्याशिवाय कोणी झोपलं नाही. ते मिठागर आता नाही. तिथे भराव पडला.

२०२३ च्या ऑक्टोबरात ती माझ्याकडे आली. लोक आल्प्समध्ये पाहुण्यांना बर्फ दाखवायला नेतात. मला तिला हालश्टाट दाखवायचं होतं, कारण मिठावर उभं राहिलेलं याहून जुनं गाव मला ठाऊक नव्हतं.

एबनझेबद्दल आणखी एक गोष्ट मी तिला त्या वेळी सांगितली नाही, परतताना सांगितली. दुसऱ्या महायुद्धात तिथे मॉटहाउसेन छळछावणीची एक उपछावणी होती. कैद्यांकडून डोंगरात बोगदे खोदून घेतले, आणि त्यात हजारो माणसं मेली. या खोऱ्यात डोंगर पोखरण्याचा इतिहास लांबलचक आहे, पण तो सगळा मिठाचा नाही.

हालश्टाटचं स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या काठाला. गाडीतून उतरलं की झाडीतून खाली जाणारी वाट थेट धक्क्यावर नेते. गाडीच्या वेळेनुसार होडी उभीच असते आणि दहा मिनिटांत पलीकडे पोचवते. तळं सव्वाशे मीटर खोल आहे. डोंगरांची सावली पडल्यामुळे पाणी सकाळीही काळपट हिरवं दिसतं. समोर डोंगराचा सरळ कडा आणि त्याच्या पायथ्याशी, पाणी आणि दगड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर, एकावर एक रचलेली लाकडी घरं. प्रॉटेस्टंट चर्चचा टोकदार मनोरा पाण्याजवळ, कॅथलिक चर्च जरा वर कड्याला बिलगलेलं. हे चित्र जगभर इतक्या वेळा छापलं गेलंय की चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात २०१२ साली या गावाची प्रतिकृतीच बांधून उघडली.

होडीतले सगळे फोन वर धरून उभे होते. आईने विचारलं, "या लोकांना घर बांधायला दुसरी जागा नव्हती?"

प्रश्न अगदी योग्य होता. इथे शेत नाही. हिवाळ्यात कित्येक दिवस ऊन गावात नीट पोचत नाही. १८९० साली सुरुंग लावून काठाने रस्ता काढेपर्यंत गावात यायचं ते होडीने, नाहीतर अरुंद पायवाटांनी. अशा जागी माणूस राहिला तो वरच्या डोंगरातल्या मिठासाठीच. या सगळ्या मुलखाचं नाव झाल्त्सकामरगूट. झाल्त्स म्हणजे मीठ आणि कामरगूट म्हणजे राजाच्या खजिन्याची मालमत्ता. हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने हा प्रदेश शतकानुशतकं स्वतःच्या मुठीत ठेवला. मिठावरची सरकारी मक्तेदारी ऑस्ट्रियात थेट १९९५ साली, युरोपीय संघात जाताना संपली. शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात लोक मिठासाठी लाठ्या खायला का उभे राहिले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना राजाचा जीव मिठात का अडकतो हे वेगळं सांगायला नको.

गावात उतरल्यावर दोन गोष्टी एकदम जाणवतात. गाव खरोखर सुंदर आहे, आणि गाव थकलेलं आहे. वस्ती जेमतेम साडेसातशेची; हंगामात दिवसाला दहा-दहा हजार माणसं येऊन जातात. आम्ही गेलो त्याच वर्षी मे महिन्यात, जिथून सगळे फोटो काढतात तिथे लाकडी आडोसा उभारला होता, ओरड झाल्यावर तो काढला. ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी पर्यटक बसगाड्यांच्या गर्दीविरुद्ध मोर्चा काढला. घरांच्या दारांवर "इथे लोक राहतात, हळू बोला" अशा अर्थाच्या पाट्या आहेत. एका खिडकीत आजीबाई जिरेनियमला पाणी घालत होत्या आणि खाली पाच-सहा जण त्यांचा फोटो काढत होते. आईने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "चल. बाई काम करतेय."

बाजारचौकातली फिक्या रंगांची घरं १७५० च्या आगीनंतरची आहेत. त्या आगीत गावाचा मधला भाग जळाला होता. चौक पाहायला आम्हाला दहा मिनिटं पुरली, कारण आईचं लक्ष वर होतं. मीठ कुठे आहे?

मीठ वर आहे, गावापासून साधारण साडेतीनशे मीटर उंचावर, झाल्त्सबेर्ग नावाच्या लपलेल्या दरीत. केबलवर ओढली जाणारी डोंगरगाडी आपल्याला रुडोल्फ मनोऱ्यापाशी सोडते. हा तेराव्या शतकातला संरक्षणाचा बुरूज. पुढे खाणीचा प्रमुख अधिकारी तिथे राहायचा. एकोणिसाव्या शतकात तो मान योहान गेओर्ग रामसाउअर या माणसाकडे होता. १८४६ साली त्याला त्या दरीत सांगाडे सापडले. आज आपण ज्याला पुरातत्त्वशास्त्र म्हणतो त्याचं शिक्षण त्याला कुठलंच नव्हतं, पण खाणीची शिस्त होती. १८६३ पर्यंत त्याने ९८० कबरी उघडल्या, आणि कोणत्या कबरीत माणूस कसा निजवला होता, काय कुठे ठेवलं होतं, याची नोंद ठेवली. कबरींची जलरंगात चित्रं काढून घेतली. कोणाच्या उशाशी काय होतं, हे आज सांगता येतं ते त्यामुळे. त्याच कबरींवरून युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या काळाला, म्हणजे इ.स.पू. ८०० ते ४५० या काळाला, हालश्टाट संस्कृती हे नाव पडलं.

कबरींत काय नव्हतं! बाल्टिक समुद्रावरचा अंबर, आफ्रिकेच्या हस्तिदंताच्या मुठी, कांशाची भांडी. हे सगळं या अवघड दरीत चालत आलं होतं मिठाच्या मोबदल्यात. मांस टिकवायला मीठ, आणि मांस टिकलं तर हिवाळा तरला. दरीत ओंडक्यांच्या मोठाल्या टाक्यांचे अवशेष मिळालेत. त्यात डुकराचं मांस खारवत असत. सुकी मासळी खाऊन पावसाळा काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. "आमी बोंबील, ते डुक्कर," आई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

खाणीत शिरण्याआधी सगळ्यांना जाड कापडाचे डगले देतात. आत बारा महिने साधारण आठ अंश तापमान. बोगद्याच्या भिंती राखाडी, लालसर, मधूनच काचेसारख्या चमकणाऱ्या. वाटाड्या तरुणी सांगत होती की इथे शुद्ध मिठाचा थर असा नाही. माती, जिप्समसारखे दगड आणि मीठ एकमेकांत कालवलेलं आहे. म्हणून पुढच्या काळात खाणकामगारांनी दगड फोडणं सोडून दिलं आणि डोंगरातच पोकळ्या करून त्यात पाणी भरायला सुरुवात केली. पाणी मीठ विरघळवून घेतं, माती खाली बसते आणि खारवणी नळाने खाली जातं.

"किती खारट?" आईने मला विचारायला लावलं. शंभर किलो खाऱ्या पाण्यात सव्वीस-सत्तावीस किलो मीठ, असं उत्तर आलं. समुद्राच्या पाण्यात शंभराला साडेतीन. आईने मान हलवली. मिठागरात ऊन आणि वारा महिनाभर राबून जे करतात, ते इथे आयतं मिळत होतं. मग तिने मला न विचारता भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवलं. इथे येणारा प्रत्येक माणूस ते करतो. पण तिने जसं केलं तसं दुसरं कोणी करत नव्हतं. डोळे मिटून, ओठ किंचित हलवत, शिजलेल्या भाताचं शीत चाचपावं तसं.

"हे आलं कुठून?"

मी सांगितलं की सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, तो आटला, त्याचं मीठ खाली राहिलं, त्यावर दुसऱ्या समुद्रांचे गाळ साचले, मग जमिनी एकमेकींवर चढल्या आणि आल्प्स उभे राहिले.

आईची शाळेतली भाषा गळून पडली. ती माझ्या आजीसारखी बोलली. "म्हंजे हितं दर्या व्हता?"

खाणीतून खाली उतरायला लाकडी घसरगुंड्या आहेत. मोठी ६४ मीटरची. पूर्वी कामगार एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर असेच उतरत. आई माझ्यापुढे बसली आणि आम्ही उतरलो. ते आटोपल्यावर आम्ही त्या जिन्यापाशी आलो, आणि माझ्या मते हालश्टाटमध्ये दुसरं काही पाहायला मिळालं नाही तरी चालेल, पण हा जिना पाहावा.

तो २००३ साली सापडला. त्याचं लाकूड इ.स.पू. १३४४ मध्ये तोडलेल्या झाडांचं आहे. लाकडाच्या वर्षवलयांवरून हे कळतं. कांस्ययुगातला, आठ मीटर लांब, युरोपात आजवर मिळालेला सर्वांत जुना लाकडी जिना. तो शाबूत राहिला मिठामुळे. लोणच्यातली कैरी टिकते तसं डोंगराने ते लाकूड टिकवलं. इथला डोंगर चुपचाप बसत नाही, आतल्या दाबाने तो सरकत असतो, जुने बोगदे मिटवून टाकतो. कामगारांनी मागे टाकलेल्या वस्तू, जळक्या काटक्या, दोऱ्या, चामडं सगळं त्या मिठात चिणलं जातं. नंतरच्या कामगारांना अशा वस्तूंचे थर लागत, तेव्हा ते त्याला "पाखंड्यांचा डोंगर" म्हणत, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या लोकांचा.

जिन्याला दोन बाजूंना दोन खाचा पाडलेले ओंडके आणि त्या खाचांत बसवलेल्या फळ्या. फळीचा कल कमी-जास्त करता येत होता. डोंगर सरकला, जिना तिरपा झाला, तर फळी पुन्हा सपाट करून घ्यायची. वाटाड्या तरुणीने हे सांगितलं आणि मी भाषांतर करण्याआधीच आई म्हणाली, "पायरी पुढून चढती असली तर ओझं मागे ओढतं. मान मोडते." जिना रुंद होता. ती म्हणाली, भरलेली पाटी घेऊन वर जाणारी आणि रिकामी घेऊन खाली येणारी, दोघी बाजूबाजूने जाऊ शकतील एवढा केलाय. बांधावर तशी जागा नव्हती. आमच्या इथे रिकामी पाटीवाली चिखलात उतरायची.

आदल्या दिवशी व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आम्ही याच खाणीतली पाठीवरची पिशवी पाहिली होती. गाईच्या कातड्याची, लाकडी चौकट असलेली, एका खांद्यावरून घ्यायची. तिच्यात तीसेक किलो मीठ मावत असे. तिला एक दांडा आहे. तो सोडला की पिशवी उलटते आणि मीठ खांद्यावरून मागे ओतलं जातं. पाठीवरून उतरवावी लागत नाही. तिथे आई काही बोलली नव्हती. जिन्यापाशी तिला ती आठवली.

"पाटी उतरवायला दुसरं माणूस लागायचं," ती म्हणाली. "ढिगाशी माणूस नसलं की तसंच उभं राहायचं, डोक्यावर घेऊन. त्यांनी ते सोडवलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी."

मी हालश्टाटबद्दल कितीतरी वाचून गेले होते. ही गोष्ट मला कोणत्याच पुस्तकात दिसली नव्हती, कारण ती पाहायला डोक्यावर पाटी घेऊन उभं राहिलेलं माणूस लागतं.

दुपारी गावातल्या संग्रहालयात गेलो. त्या खाणीत माणसं काय खात होती तेही मिठाने राखून ठेवलंय: जव, भरड धान्य, शेंगांचे दाणे आणि मांस यांची खिचडीसारखी शिजवलेली पेज. सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत २०२१ च्या एका अभ्यासात बिअरचं यीस्ट आणि निळ्या चीजची बुरशी सापडली. त्या काळात केवळ आंबवलेलं नाही, विचारपूर्वक आंबवलेलं अन्न या दरीत होतं. खाणीत मिळालेला एक चामडी जोडा काचेमागे आहे. तो लहान मुलाच्या पावलाचा आहे.

त्या शेजारी सांगाड्यांबद्दल लिहिलं होतं. स्त्रियांच्या हाडांवर एका खांद्यावर सतत ओझं वाहिल्याच्या खुणा आहेत, पुरुषांच्या हाडांवर टिकाव चालवल्याच्या. मुलांच्या मानेचे मणकेही झिजलेले आहेत. ते डोक्यावर ओझं वाहत असावेत. मी वाचत वाचत आईला मराठीत सांगत होते. शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय वाचलं.

आईने उजवा हात मानेमागे नेला. ती तसा नेहमीच नेते. गेली वीस वर्षं तिचे मणके दुखतात, डॉक्टर वयाचं दुखणं म्हणतात, ती गळ्यात पट्टा घालते आणि काढते. तिने त्या लहान जोड्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढीशी पोरं. मजुरी त्यांना वेगळी मिळायची का आईच्या हिशोबात धरायचे?"

याचं उत्तर काचेमागे नव्हतं. तिची मजुरी तिच्या आईच्या पाट्यांत धरली जायची, हे मला त्या दिवशी कळलं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

संध्याकाळी कॅथलिक चर्चपाशी चढून गेलो. तिथली स्मशानभूमी अंगणाएवढी. जागा नाही म्हणून इथे दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडत, कवटी उन्हात पांढरी होऊ देत आणि सेंट मायकेलच्या छोट्या चॅपेलमध्ये नेऊन ठेवत. तिथे सुमारे बाराशे कवट्या आहेत आणि त्यातल्या ६१० रंगवलेल्या. कपाळावर नाव, साल, भोवती आयव्हीची किंवा ओकची पानं, गुलाब. अठराव्या शतकात ही रंगवण्याची पद्धत सुरू झाली. सर्वांत अलीकडची कवटी १९८३ साली वारलेल्या बाईंची आहे, तिच्या इच्छेप्रमाणे १९९५ मध्ये इथे ठेवलेली. तिचा सोन्याचा दात तसाच आहे. मला वाटलं होतं आई बाहेरूनच नमस्कार करील. ती आत गेली आणि एकेका कपाळावरची फुलं पाहत राहिली. आपण अस्थी पाण्यात सोडतो; इथे पाणी पायाशी असून हाडं घरात ठेवली. दोन्हींत मेलेल्या माणसाची काळजी घेणं सारखंच आहे, एवढं मला तिथे उभं राहून वाटलं.

मिठाने जपलेला एक माणूस मात्र या घरात नाही. १७३४ साली खाणीत एक प्रेत मिळालं, दगडात दाबून चपटं झालेलं, कपडे-चामड्यासकट. प्राचीन खाणकामगार. त्याला गावाने पुरून टाकलं. आज त्याच्या अंगावरच्या दोऱ्याचा धागा जरी हाती असता तरी काय काय कळलं असतं! त्याच वर्षी या मुलखातल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना बादशहाच्या हुकुमाने घरंदारं सोडायला लावून ट्रान्सिल्व्हेनियात पाठवलं गेलं. त्यांत खाणीत राबणारीही होती. पाण्याजवळचा तो टोकदार मनोरा, ज्याचा फोटो सगळे काढतात, तो त्या धर्माच्या लोकांना स्वतःचं चर्च बांधायची मुभा मिळाल्यानंतर, १८६३ साली उभा राहिला.

आम्ही राहिलो ते शेजारच्या ओबरट्राउन गावात, कारण हालश्टाटमध्ये राहणं परवडत नव्हतं. ओबरट्राउनहून केबलगाडी डाखश्टाइनच्या पठारावर जाते. पहिल्या टप्प्यावर उतरून बर्फाची गुहा पाहिली. छान आहे, रंगीत दिव्यांची मला गरज वाटली नाही. दुसरा टप्पा २१०० मीटरवर, क्रिपनश्टाइनला. तिथून वीस-पंचवीस मिनिटं चालत गेलं की कड्याबाहेर काढलेले पाच लोखंडी सज्जे लागतात, हाताच्या पाच बोटांसारखे. खाली चारशे मीटर पोकळी, आणि तळाशी ते तळं, ते गाव, तो होडीचा पांढरा ठिपका. आई एका सज्जाच्या टोकापर्यंत जाऊन आली. तिला उंचीची भीती नाही, हे मला नवीन होतं.

पण मला सांगायचंय ते वाटेतल्या दगडांबद्दल. डाखश्टाइनचा चुनखडक समुद्राच्या तळावर तयार झाला, वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी. त्यात मोठ्या शिंपल्यांचे आडवे छेद दिसतात, हृदयाच्या किंवा खुराच्या आकाराचे. इथले लोक त्यांना "गाईचं पाऊल" म्हणतात. मी आईला वाकून दाखवलं. ती खाली बसली, बोटाने कडा चाचपली. "तिसऱ्या," ती म्हणाली. तिसऱ्या नव्हत्या, पण शिंपल्या होत्याच. दोन हजार मीटर उंचीवर, डोळ्यांसमोर हिमनदी, आणि खाडीकाठची बाई शिंपल्या मोजत बसलेली.

हिमनदी आता आखडत चाललीय. फ्रीडरिख सिमोनी नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १८४० च्या दशकापासून या हिमनद्यांवर काम केलं आणि पुढे त्यांची छायाचित्रं काढून ठेवली. त्या जुन्या छायाचित्राशेजारी आजचं ठेवून पाहिलं तर दरीत बर्फ होता तिथे नुसता दगड दिसतो. केबलगाडीच्या स्थानकाजवळच १९५४ च्या एप्रिलमध्ये हिमवादळात गोठून मेलेल्या, जर्मनीतल्या हाइलब्रोनच्या दहा शाळकरी मुलांची आणि तीन शिक्षकांची आठवण ठेवणारी पायवाट सुरू होते. आम्ही थोडं चाललो आणि ढग आले म्हणून परतलो.

तिसऱ्या दिवशी आल्टआउसझेला गेलो, तीही मिठाचीच खाण, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. नाझींनी युरोपभर लुटलेली चित्रं, शिल्पं युद्धाच्या शेवटी या खाणीत आणून ठेवली होती. मिठाने हवा कोरडी आणि थंडाव्याची राहते. व्हान आइकने रंगवलेली गेंटची वेदी इथे होती, मायकेलअँजेलोचं ब्रूजमधलं मेरीमातेचं शिल्प इथे होतं, व्हर्मीरची चित्रं इथे होती. १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नाझी प्रांतप्रमुखाने आठ पेट्या आत पाठवल्या, वर लिहिलेलं, "सावधान, संगमरवर". प्रत्येकीत पाचशे किलोचा बॉम्ब. खाण उडवायची म्हणजे सगळं संपलं. मेच्या सुरुवातीला पेट्या गुपचूप बाहेर काढण्यात आल्या. श्रेय कोणाचं, यावर पुढे अनेकांनी दावे केले. पेट्या अंधारात ओढून बाहेर आणल्या त्या खाणकामगारांनी. मला चित्रांपेक्षा त्यांचं कारण जवळचं वाटतं. त्यांना आपली खाण वाचवायची होती. पाणी शिरलं असतं तर ती पुन्हा उभी राहिली नसती, पोरांचं पोट तिच्यावर होतं. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपण किती सहज म्हणतो. तिथे ते शब्दशः तसंच घडलं, आणि गेंटची वेदी त्यासोबत वाचली.

त्या खाणीत सेंट बार्बाराचं चॅपेल आहे, मिठाच्या दगडांनी सजवलेलं, मागून दिवा लावला की नारिंगी उजळणारं. आई तिथे बराच वेळ बसली. मी तिला काही विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी न्याहारीला मालकीणबाईंनी अंडी उकडून दिली. त्यांचे वडील खाणीत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं, कारण आईने मला विचारायला सांगितलं, "यांचं मीठ पावसात ओलं होतं का?" उरणला मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटतं. मी जर्मनमध्ये विचारलं. बाई हसल्या, होतं म्हणाल्या, तळ्याच्या काठी का नाही होणार. त्यांनी टेबलावरची मिठाची छोटी बाटली उचलली, वरचं झाकण फिरवून काढलं आणि आईच्या बशीत थोडं मीठ ओतलं. मिठाबरोबर तांदळाचे सात-आठ दाणे पडले.

आईने ते दाणे बोटाने एका बाजूला केले. "आपल्या इथे पण," ती मला म्हणाली, "बरणीत तांदूळ टाकतो." आणि अंड्याला मीठ लावून खाल्लं.